पानावरच्या रेघांची पारख

शिरोळ तालुक्यातील टोमॅटोचे रान असो, आजऱ्याच्या डोंगरउतारावरील काजूची बाग असो, की कोल्हापूर शहरातल्या एखाद्या बंगल्याच्या आवारातील कागदी लिंबाचे रोप असो, पानांवर पांढुरक्या वळणदार रेघा किंवा फुगीर डाग दिसू लागले की आपल्याकडे 'नागअळी पडली' एवढा एकच निवाडा होतो, आणि बहुधा त्याच संध्याकाळी दुकानातून औषध आणून फवारणी उरकली जाते. हा निवाडा पुराव्यावाचून झालेला असतो, हे मला येथे प्रथम सांगावयाचे आहे. कारण पाने पोखरणाऱ्या कीटकांत माशीच्या अळ्या आहेत, पतंगाच्या अळ्या आहेत, भुंगेऱ्यांच्याही अळ्या आहेत, त्यांच्या जीवनाची रीत निराळी, नुकसानीचे प्रमाण निराळे आणि बंदोबस्ताचे उपायही निराळे. सुदैवाने या कीटकांची ओळख पटविण्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. ज्या पानात अळी राहिली त्या पानावर तिच्या येण्याजाण्याचा आणि खाण्याचा दाखला उमटलेला असतो, व अळी निघून गेल्यावरही तो पुसला जात नाही. तो वाचावयास शिकणे हे शेतकऱ्याला आणि बागप्रेमी गृहस्थाला सारखेच साध्य आहे.

पानाला वरची आणि खालची अशा दोन त्वचा असून त्यांच्या मध्ये हिरवा गर असतो. बाहेरून पान कुरतडणारी अळी ही सर्वच खाते. परंतु पाने पोखरणारी अळी त्वचा शाबूत ठेवून त्यांच्यामधला गर तेवढा खात पुढे सरकते, आणि तिच्या मागे जी पोकळ जागा उरते तिलाच सुरुंग म्हणावयाचे. या सुरुंगात तिला पावसाचा मारा लागत नाही, उन्हाची झळ थेट बसत नाही, आणि केवळ स्पर्शाने मारणारे औषधही पानाच्या पृष्ठावरच राहून वाया जाते. हा जीवनक्रम कीटकांच्या चार गणांत, म्हणजे पतंगांत, माश्यांत, भुंगेऱ्यांत आणि करवतमाश्यांत, स्वतंत्रपणे निर्माण झालेला आहे. फ्रान्समधील निसर्गअभ्यासक रेओम्यूर याने अठराव्या शतकातच या अळ्यांचे निरीक्षण करून ठेवले होते. पुढे जर्मन कीटकशास्त्रज्ञ एरिख मार्टिन हेरिंग याने १९५१ साली त्यांच्या जीवनक्रमावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि युरोपातील सुरुंगांचे जे ओळखतक्ते त्याने तयार केले त्यांची मांडणी कीटकांच्या नावांनुसार न करता वनस्पतींच्या नावांनुसार केली. तपासाचा हाच क्रम आपणही स्वीकारावा: आधी झाड, मग सुरुंग, आणि कीटक सर्वांत शेवटी.

झाडाची ओळख आधी असावी याचे कारण असे की बहुतेक पाने पोखरणाऱ्या जाती आपल्या अन्नाच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ असतात. लिंबावरची अळी काजूवर जात नाही आणि काजूवरची भातावर दिसत नाही. त्यामुळे झाडाचे नाव निश्चित झाले की संशयितांची यादी दोन-चार नावांवर येते. टोमॅटोवरील माशी मात्र या नियमाला मोठा अपवाद आहे, आणि तिचा विचार पुढे सविस्तर करावयाचा आहे.

यानंतर, समोरचा डाग हा खरोखरच सुरुंग आहे की नाही याची खातरजमा करावी. करपा, बुरशीचे ठिपके, कोळ्यांनी रस शोषल्याने आलेली पांढरट झाक, अन्नद्रव्यांच्या कमतरतेमुळे शिरांच्या मधला भाग पिवळा पडणे, या साऱ्यांना घाईत नागअळी समजले जाते. पान खुडून सूर्याच्या उजेडासमोर धरावे. सुरुंग असेल तर तेवढा भाग आरपार उजळ दिसतो, आणि त्या उजेडात विष्ठेचे काळे कण अथवा खुद्द अळीचा आकार स्पष्ट उमटतो. रोगाचा डाग असेल तर तो अपारदर्शक राहतो किंवा त्याच्या कडेने पिवळे वलय दिसते. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर शिवणाच्या सुईचे टोक डागाच्या कडेला हलकेच घालून वरची त्वचा उचलून पाहावी. सुरुंगावरची त्वचा पातळ पापुद्र्यासारखी सुटून येते व खाली पोकळी लागते. रोगट भागात त्वचा आणि गर एकत्रच वाळलेले असतात. ज्यांच्यापाशी दहापटीचे भिंग आहे त्यांना पुढचा सारा तपास त्याच बैठकीत पुरा करता येईल.

सुरुंगाचे दोन मुख्य आकार आहेत. एक नागमोडी रेघेचा, आणि दुसरा पसरट डागाचा. काही जाती रेघेने आरंभ करून पुढे डाग करतात. रेघेचे अरुंद टोक म्हणजे जेथे अंडे उबले ते स्थळ, व रुंद टोक म्हणजे अळीचा अखेरचा मुक्काम, कारण ती वाढत जाते तशी तिची वाटही रुंदावत जाते. जिवंत अळी शोधावयाची ती नेहमी रुंद टोकाशी. परंतु केवळ आकारावर विसंबणे धोक्याचे आहे, आणि माझ्या मते विष्ठेची मांडणी हा त्याहून कितीतरी भरवशाचा पुरावा होय. माशीची अळी सुरुंगात एका कुशीवर पडून, तोंडातील काळ्या आकड्या अर्धवर्तुळात फिरवीत गर खरवडते आणि अधूनमधून कूस बदलते. त्यामुळे तिची विष्ठा वाटेच्या कधी या काठाला तर कधी त्या काठाला अशी आळीपाळीने पडत जाते. पतंगाची नागमोडी सुरुंग करणारी अळी पोटावर सपाट राहून सरळ पुढे जाते, म्हणून तिच्या विष्ठेची रेघ बहुधा वाटेच्या मधोमध उमटते. पसरट सुरुंग करणाऱ्या अळ्या ती इतस्ततः विखुरतात किंवा एका कोपऱ्यात साठवतात. अळी हाती लागली तर तिचे डोके पाहावे. माशीच्या अळीला वेगळे असे डोके नसते आणि पायही नसतात. ती पुढच्या बाजूला निमुळती होत जाऊन तेथे फक्त आकड्यांचा काळा ठिपका दिसतो. पतंगाच्या अळीला तपकिरी रंगाचे कठीण डोके असते, व वाढलेल्या अळीला बहुधा पायही दिसतात. भुंगेऱ्याच्या अळीचेही डोके कठीण असते, पण पोटाखालचे मांसल पाय तिला नसतात.

आता टोमॅटोकडे वळू. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कीड ओळखण्यातली जी चूक सर्वांत महाग पडते ती येथेच होते. टोमॅटोच्या पानावर दोन परक्या किडी सुरुंग करतात. पहिली लिरिओमायझा ट्रायफोलिआय ही अमेरिका खंडातून जगभर पसरलेली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या देशात स्थिरावलेली, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची काळी-पिवळी माशी. मघा उल्लेखिलेला अपवाद हाच. टोमॅटो, काकडी, दोडका, घेवडा, चवळी, एरंड, झेंडू, शेवंती अशी ती वाटेल तेथे राहते. तिची मादी अंडी घालण्याच्या नळीने पानाला टोचे मारते, त्यांतून पाझरणारा रस पिते, आणि मोजक्याच टोच्यांत अंडी ठेवते. नराला असे टोचण्याचे साधन नसल्याने तो मादीने पाडलेल्या छिद्रांवरच आपली भूक भागवतो. त्यामुळे रेघा दिसण्यापूर्वीच पानावर पांढऱ्या टिंबांची विखुरलेली नक्षी दिसू लागते, आणि जो शेतकरी ही टिंबे ओळखील त्याला किडीची वर्दी काही दिवस आधीच मिळेल. पुढे पिवळसर अळीचा नागमोडी सुरुंग, दोन्ही काठांना आळीपाळीने काळी विष्ठा, आणि शेवटी पानाच्या त्वचेला अर्धचंद्राकृती चीर पाडून ती अळी जमिनीवर पडते व मातीत कोष करते. फळाला ही माशी कधीही स्पर्श करीत नाही, हे वाक्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी कीड म्हणजे टुटा ॲब्सोल्युटा हा दक्षिण अमेरिकेतील लहानसा करडा पतंग. तो २००६ साली स्पेनमध्ये पोहोचला आणि २०१४ साली महाराष्ट्रात, पुण्याच्या बाजूस, त्याची भारतातील पहिली नोंद झाली. याचा सुरुंग रेघेचा नसून पसरट, कडा वेड्यावाकड्या असलेला, आणि आत विष्ठेचे काळे गोळे साठलेला असा असतो. अळी हिरवट, वाढल्यावर किंचित गुलाबी, डोके गडद, आणि डोक्याच्या लगेच मागे काळी आडवी पट्टी. ती एका सुरुंगातून निघून दुसरा करू शकते, शेंड्यात शिरते, आणि फळाच्या देठाजवळील हिरव्या पाकळ्यांखालून फळात घुसते. म्हणून रानात शिरल्यावर पानाइतकेच लक्ष फळाच्या देठाकडे द्यावे. तेथे टाचणीच्या टोकाएवढी भोके व विष्ठा दिसली तर माशीवर ठपका ठेवण्याचे कारण नाही. या पतंगासाठी कामगंध सापळे लावता येतात, माशीसाठी ते निरुपयोगी असून तेथे पिवळे चिकट सापळे हवेत. दोघांची अदलाबदल केली तर पैसाही जातो आणि पीकही जाते.

लिंबूवर्गातील झाडांवरच्या सुरुंगाची पारख याहून सोपी आहे. फिलोक्निस्टिस सिट्रेला या अतिसूक्ष्म पतंगाचे शास्त्रीय वर्णन इंग्रज अभ्यासक स्टेन्टन याने १८५६ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केले, म्हणजे ही कीड मुळात आपल्याच खंडातील. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात ती १९९३ साली पोहोचली तेव्हा तेथील संत्र्याच्या बागायतदारांत मोठी चिंता पसरली. चंदेरी चकाकीची नागमोडी वाट, तिच्या मधोमध विष्ठेची एकच काळसर रेघ, आणि अखेरीस पानाची कड दुमडून त्या दुमडीत केलेला कोष, या तीन खुणा एकत्र दिसल्या की अन्य पुराव्याची गरज उरत नाही. या अळीला फक्त कोवळी पालवी चालते. जुन्या, जाड झालेल्या पानावरील वाकडा पांढरा माग हा मागल्या पालवीचा इतिहास असतो, त्याच्यावर औषध मारून काहीही साधत नाही. मोठ्या झाडाला हा उपद्रव सहज सोसतो. रोपवाटिकेतली आणि नुकती लावलेली रोपे मात्र जपावीत, कारण पालवी आकसते, आणि सुरुंगाच्या जखमांतून खैऱ्या रोगाच्या जंतूंना आत शिरावयास वाट मिळते. अवेळी छाटणी करून आणि नत्र खत भरमसाट घालून पालवीवर पालवी आणीत राहणे म्हणजे या पतंगाच्या अळ्यांना बारमाही अन्न पुरविणे होय.

भुईमूग आणि सोयाबीन या आपल्या जिल्ह्यातील दोन मोठ्या पिकांवर ॲप्रोएरेमा मोडिसेला हा पतंग येतो. पावसाने दीर्घकाळ उघडीप दिली की तो हटकून बळावतो, आणि जोराचा पाऊस लागला की त्याचे बळ ओसरते. त्याची अळी आरंभीचे काही दिवस पर्णिकेच्या मध्यशिरेजवळ लहानसा, तपकिरी, फोडासारखा सुरुंग करते. त्यानंतर बाहेर येऊन शेजारच्या पर्णिका रेशमी धाग्यांनी एकमेकींना जोडते किंवा एकच पर्णिका दुमडून तिच्या आत खात राहते. ज्यांनी पहिला टप्पा पाहिला नाही ते तिला केवळ पाने गुंडाळणारी अळी समजतात. दुरून पाहता रान भाजल्यासारखे दिसते, आणि पाण्याचा ताण पडला अशी समजूत होऊन खरा गुन्हेगार निसटतो. म्हणून पाण्याची पाळी देण्यापूर्वी पाच-दहा पर्णिका उलगडून पाहाव्यात.

आजरा-चंदगडकडे काजूला नवी पालवी येते तेव्हा तिच्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचे फुगीर डाग दिसतात. ते ॲक्रोसरकॉप्स सिंग्रामा या पतंगाचे. अळी प्रथम फिकट असून पूर्ण वाढ झाल्यावर तांबूस होते, ही खूण विसरू नये. डागांवरची त्वचा पुढे वाळून झडते व पानाला भोके पडतात, ती पाहून अनेकजण पाने कुरतडणाऱ्या दुसऱ्याच किडीला दोष देतात. राधानगरी, गगनबावडा या भागांतील भातखाचरांत निळे भुंगेरे आढळतात. अंगभर काटे असलेला हा निळसर-काळा भुंगेरा पानाची वरची बाजू शिरांना समांतर अशी खरवडतो, व त्याची अळी पानाच्या दोन त्वचांमध्ये राहून लांबट अर्धपारदर्शक डाग करते. एकाच पानावर खरवडल्याच्या पांढऱ्या रेघा आणि आत अळी असलेला फुगवटा असे दोन्ही पुरावे मिळाले की ओळख पक्की. रस्त्याकडेच्या करंजावरही फोडासारखे पांढुरके सुरुंग विपुल आढळतात. करंजाला त्यांचा विशेष अपाय होत नाही, आणि नवशिक्याने हात बसविण्यासाठी याहून चांगले झाड शोधून सापडणार नाही.

सूचिपर्णी वृक्षांविषयी हौशी बागवान पुष्कळदा विचारतात, म्हणून त्यांच्याबद्दलही येथे सांगितले पाहिजे. हिमालयातील देवदार-चीडाचे वन आपल्या हवामानात नाही. कोल्हापुरात या वर्गातील झाडे म्हणजे बंगल्यांच्या आवारातली मोरपंखी आणि ख्रिसमस ट्री या नावाने लावलेला अरौकेरिया. सुरू मात्र या वर्गात मोडत नाही. तिच्या सुया म्हणून आपण ज्या पाहतो त्या हिरव्या डहाळ्या आहेत, आणि तिची खरी पाने त्यांच्या पेरांवर सूक्ष्म दातांच्या रूपाने असतात. सूचीसारख्या अरुंद पानात नागमोडी वाट काढावयास जागाच नसते, म्हणून तेथील अळी सुई आतून पोकळ करते आणि एक सुई संपली की दुसरीत शिरते. अमेरिकेतील योसेमिटी परिसरातील पाइनच्या वनांत अशा एका पतंगाला आपला जीवनक्रम पुरा करावयास दोन वर्षे लागतात. युरोपातील लार्च वृक्षावरचा एक पतंग तर पोखरलेल्या सुईचाच तुकडा कापून त्याची म्यान करतो आणि ती अंगावर वागवीत हिंडतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मोरपंखीच्या जातीच्या कुंपणांवर अर्गायरेस्थिया थुइएला हा पतंग सर्रास येतो. तेथे घर करून राहिलेल्या आपल्या आप्तांच्या कुंपणाचे शेंडे तपकिरी झाले असतील तर त्यांनी डहाळीचे टोक उजेडासमोर धरावे: आत पोकळी, विष्ठेचे कण आणि लहानसे भोक दिसले तर अळी, आणि टोक भरीव असेल तर अन्य कारण. कोल्हापुरातील मोरपंखी तपकिरी पडली तर हीच परीक्षा करून, टोक भरीव निघाल्यास कुंडीतील पाण्याचा निचरा, मुळांची कोंडी, भिंतीवरून परावर्तित होणारे ऊन आणि लाल कोळी यांचा क्रमाने तपास करावा. कोळ्यांसाठी डहाळी पांढऱ्या कागदावर झटकावी. हलणारे तांबूस कण दिसले तर निर्णय झाला.

किडीचे नाव कळले म्हणजे लगेच फवारणीचा हुकूम सुटला पाहिजे असे मात्र नाही. या अळ्यांच्या मागावर अत्यंत लहान परोपजीवी गांधीलमाश्या असतात. त्या पानाच्या त्वचेतून अळीवर किंवा अळीच्या शेजारी अंडे घालतात आणि त्यांची पिल्ले अळी खाऊन संपवितात. त्यांपैकी काही जातींची पिल्ले तर सुरुंगाचे छत कोसळू नये म्हणून आपल्या विष्ठेचे इवलेसे खांब उभारून त्यांच्यामध्ये कोष करतात. भिंगाखाली हे दृश्य ज्याने पाहिले त्याला औषधाचा पंप खांद्यावर घेताना निश्चितच विचार करावासा वाटेल. व्यापक विषारी औषधे वारंवार मारल्याने आधी या मित्रांचा संहार होतो, आणि लिरिओमायझासारखी माशी, जिच्या अंगी औषधे पचविण्याची शक्ती झपाट्याने येते, ती पूर्वीपेक्षा दुप्पट जोमाने उलटते. जगात अनेक ठिकाणी असे घडलेले आहे. म्हणून रानातून तिरपे चालत जाऊन निरनिराळ्या झाडांची वीस-पंचवीस पाने गोळा करावी आणि प्रत्येक सुरुंगाची अवस्था पाहावी. रुंद टोकाशी टवटवीत, हलणारी अळी असेल तर कीड चालू आहे. अर्धचंद्राकृती चीर असेल तर अळी सुखरूप निघून गेली. वाटोळे, स्वच्छ कातरलेले भोक असेल, किंवा अळी मऊ, तपकिरी होऊन तिच्या शेजारी काळा कोष असेल, तर मित्रकीटकांनी आपले काम केले आहे. या तिसऱ्या प्रकारची पाने बहुसंख्य निघाली तर हात आवरावा. पहिल्या प्रकारची अधिक निघाली तर टोमॅटोची पोखरलेली खालची पाने खुडून नष्ट करावी, सापळ्यांची संख्या वाढवावी, पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, आणि त्यापुढील औषधाची निवड कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने करावी. पीक निघाल्यावर नांगरट करून मातीतले कोष उन्हात उघडे पाडणे हा जुना उपाय आजही तितकाच गुणकारी आहे.

एवढे करूनही ओळख पटली नाही तर अळी पाळून पूर्ण कीटक मिळविणे हाच राजमार्ग. जिवंत अळी असलेली पाने रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, तळाशी टिपकागद आणि त्यावर बोटभर चाळलेली माती घालून ठेवावी, कारण माशीची आणि काजूवरील पतंगाची अळी कोषासाठी माती शोधते. तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात बरणीत बुरशी चढते, तेव्हा टिपकागद दररोज बदलावा. चैत्रात पान एका दिवसात वाळते, तेव्हा देठाला ओला कापूस गुंडाळावा. एका बरणीत एकाच झाडाची पाने ठेवावीत. माशी किंवा पतंग बाहेर पडल्यावर त्याला रंग धरण्यासाठी एक दिवस तसेच राहू द्यावे. मग कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्र विभागाकडे अथवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे नमुना द्यावा, तो असा: सुरुंग असलेली दोन-तीन पाने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळविलेली, अळ्या सत्तर टक्के अल्कोहोलच्या लहान कुपीत, पूर्ण कीटक कोरड्या कुपीत, आणि प्रत्येकाबरोबर झाडाचे नाव, गाव, तालुका, पाने खुडल्याची आणि कीटक बाहेर पडल्याची तारीख व त्याआधी मारलेल्या औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.